नोलीनबाईंच्या हातमोज्याची नक्कल

ऑकलंडपासून तीन तासांवरच्या टौरंगात आमच्या ओळखीत दोन प्रमोद आहेत. एक बंदरावर क्रेन चालवतो, त्याला सगळे ‘पोर्टवाला’ म्हणतात. दुसरा मी. मला ‘हातमोजेवाला’ म्हणतात. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, याचा हातमोज्यांचा कारखाना असणार. वस्तुस्थिती अशी की मी आयुष्यात एकूण दोन हातमोजे केले, आणि हे नाव मला त्यांतल्या पहिल्याने मिळवून दिलं. ते कसं, हे जो तो आपापल्या परीने सांगतो. माझी बायको दीप्ती सांगते तेव्हा मी फारच मूर्ख दिसतो. म्हणून एकदा मीच सांगून टाकतो. मूर्ख दिसायचंच असेल तर निदान प्रमाणात दिसावं.

आम्ही २००५ साली चिंचवडहून इथे आलो. मी, दीप्ती आणि आठ वर्षांची सिद्धी. चिंचवडला मी गाड्यांचे सुटे भाग तपासायचो. इथे किवीची फळं वजनाप्रमाणे निवडणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागलो. यंत्रात बसवायचा प्रत्येक भाग आधी माझ्या टेबलावर येतो. मी तो मापतो आणि बहुधा ‘नाही’ म्हणतो. नाही म्हणण्याचा मला पगार मिळतो. दीप्तीचं म्हणणं, घरी मी तेच काम फुकट करतो.

आमच्या सामानाच्या खोक्यांमध्ये आईने गुपचूप दोन वस्तू घातल्या होत्या. एक मेतकुटाचा डबा आणि दुसरी, मी शाळेत असताना कापडावर भरलेले दोन हंस, चौकटीसकट. इथल्या तपासनिसांनी मेतकूट जप्त केलं आणि हंस सोडून दिले. त्यांनी उलटं केलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

हंसांची कथा थोडक्यात अशी. आठवीत आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. मुलांना सुतारकाम, मुलींना भरतकाम. सुतारकामाचे सर बदली होऊन गेले आणि वर्षभर दुसरे आलेच नाहीत, तेव्हा हेडमास्तरांनी आम्हा मुलांनाही शिवणाच्या बाईंच्या ताब्यात दिलं. मी मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांच्या टाक्याचे दोन हंस भरले आणि मला शाळेत दुसरं बक्षीस मिळालं. खरं तर एकच हंस मी भरला होता. दुसरा आईने पुरा केला. पण बक्षिसाच्या दाखल्यावर आईचं नाव नव्हतं.

शेजारी नोलीन राहायच्या. वय चौऱ्याहत्तर. इथे शेजारणीला काकू-मावशी काही म्हणत नाहीत, सरळ नावाने हाक मारतात. माझी जीभ धजेना, म्हणून मी ‘नोलीनबाई’ म्हणू लागलो. त्यांना वाटलं, ते आमच्याकडचं लाडाचं रूप आहे. वेलिंग्टनला नाटकांचे कपडे शिवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. आता त्या गावातल्या भरतकाम मंडळात जायच्या.

२००६ च्या एप्रिलमध्ये त्या बादलीभर फिजोआ घेऊन दारात आल्या. हे हिरवं फळ त्या दिवसांत इथे इतकं पिकतं की लोक ते शेजाऱ्यांना देतात असं म्हणण्यापेक्षा शेजाऱ्यांवर लादतात. मी बादली घेतली, त्यांना आत बोलावलं. भिंतीवरचे हंस बघून त्या थबकल्या.

“कोणी केलं हे?”

“मी,” मी म्हणालो. आईबद्दल सांगायला विसरलो.

नोलीनबाईंनी चष्मा वर करून हंस न्याहाळले. “उजवीकडचा फार सुबक आहे,” त्या म्हणाल्या. उजवीकडचा आईचा होता. मी मान झुकवून कौतुक स्वीकारलं.

चहा तसाच ठेवून त्या घरी गेल्या आणि पातळ कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन परत आल्या. उघडलं तर एक हातमोजा. एकच, डाव्या हाताचा. कोकराच्या मऊ पांढऱ्या कातड्याचा, आणि मनगटाकडे पंख्यासारखा पसरत गेलेला पांढऱ्या साटिनचा कफ. कफावर रुपेरी-सोनेरी जरीच्या वेली, रेशमाची गुलाबं, स्ट्रॉबेऱ्या, मधूनमधून मोहरीएवढे मोती नि चमचमत्या टिकल्या, आणि एका पानावर चढणारी हिरवी अळी.

“चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातले श्रीमंत लोक असले हातमोजे बाळगायचे,” त्या म्हणाल्या. “घालायचे कमी, हातात धरून मिरवायचे जास्त. राजाला नजराणा म्हणूनसुद्धा द्यायचे.”

“पण ही अळी?” मी विचारलं. आमच्या धंद्यात अळीचं फळ बाद होतं.

“ती सगळ्यात छान जमली आहे,” त्या म्हणाल्या. “जुन्या नमुन्यांत अशा अळ्या असायच्या.”

आठ वर्षांपूर्वी त्यांनी हा एक पुरा केला होता. दुसऱ्याला हात घालायच्या आतच त्यांचे हात थरथरू लागले. कपसुद्धा त्या दोन्ही हातांनी धरायच्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. “नोव्हेंबरात आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे,” त्या म्हणाल्या. “पण एकटा मोजा काय मांडायचा? कोणाचा तरी रस्त्यात पडल्यासारखा दिसतो.”

आता इथे कोणत्याही शहाण्या माणसाने “अरेरे” म्हणून फिजोआ कापायला घेतला असता.

“दुसरा मी करतो,” मी म्हणालो.

गळका नळ मीच दुरुस्त करीन असं मी म्हणतो तेव्हा दीप्ती जशी बघते, तशी तिने माझ्याकडे बघितलं. नोलीनबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. झालं, परतीचे दोर कापले गेले.

फळांचा हंगाम संपल्यावर, जूनपासून, दर शनिवारी मी नोलीनबाईंच्या स्वयंपाकघरात शिकायला जाऊ लागलो. पहिल्याच शनिवारी कळलं की मला काही येत नाही. मी सोनेरी जर सुईत ओवून सपासप कापडातून ओढली. ती तिसऱ्या टाक्याला सोलवटली आणि आतला दोरा उघडा पडला. नोलीनबाईंनी मला दाखवलं की ही जर कापडातून ओढायचीच नसते. ती वरच आडवी ठेवायची आणि केसाएवढ्या रेशमी दोऱ्याने जागच्या जागी टाचत जायची.

“तुझ्या हंसांना तू हेच केलं होतंस ना?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडची पद्धत जरा वेगळी आहे,” मी म्हणालो.

तरी माझी रग जिरली नव्हती. त्यांची परदेशातून मागवलेली जर मोजकीच होती. मी ठरवलं, जरीच्या बाबतीत हिंदुस्थानी माणसाने कोणापुढे हात पसरायचा नाही. तीन तास गाडी हाणत ऑकलंडला गेलो, आपल्या लोकांची दुकानं असलेल्या सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर दोनदा चकरा मारल्या. एका किराणावाल्याने मला समईच्या वाती दाखवल्या. दुसरीकडे साड्या होत्या, तिथली बाई म्हणाली, “सुटी जर नाही. साडी घ्या आणि काठ उसवा.” शेवटी तिच्याकडूनच जरीच्या लेसचं एक रीळ, आणि येताना मिठाईच्या दुकानातून सोनपापडी घेऊन परतलो. नोलीनबाईंनी लेस खिडकीपाशी नेली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, “नाताळच्या झाडाला छान दिसेल.” सोनपापडी मात्र त्यांना फार आवडली.

हळूहळू हात बसला, हेही सांगायला हवं. जुलै अखेर माझी वेल वेलीसारखी दिसू लागली. एकदा मी तक्रार केली की मोज्याची बोटं चुकली आहेत, कुठल्याही माणसाच्या बोटांपेक्षा इंच-दीड इंच लांब आहेत.

“मुद्दामच,” नोलीनबाई म्हणाल्या. “लांब बोटं म्हणजे काम न करणाऱ्या माणसाची बोटं. तेव्हा तीच शोभा होती.”

हे मी घरी सांगितलं, तर दीप्तीने माझ्या हातांकडे बघितलं आणि भांड्यांकडे बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीतही मी भरतकामाची चौकट घेऊन बसायचो. पहिले काही दिवस लोकांना वाटलं, माझ्यावर कसले तरी उपचार चालू आहेत आणि डॉक्टरने हे करायला सांगितलं आहे. सगळे माझ्याशी फार हळुवारपणे बोलायचे. मी गैरसमज दूर केला नाही, कारण त्या काळात मला कोणी जादा काम सांगत नसे. सिद्धीला मात्र शरमेने मेल्यासारखं व्हायचं. तिला आमचं मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला शाळेतून आणायला मी लवकर पोचलो की गाडीत भरत बसायचो. ती लांबूनच खुणा करायची. “बाबा, पुट इट अवे! प्लीज! पीपल आर लुकिंग!”

ऑगस्टमध्ये नोलीनबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर दोन महिने त्या हॅमिल्टनला मुलीकडे राहणार होत्या. माझा कफ जवळजवळ झाला होता, हाताचा भाग राहिला होता. “मी येईपर्यंत कातड्याला कात्री लावू नकोस,” त्या म्हणाल्या. “तेवढं आपण दोघं मिळून करू.”

मी हो म्हणालो. पण त्या गेल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. भरतकामात मी शिकाऊ असेन, पण मापात मला कोण शिकवणार? परत येतील तेव्हा पुरा मोजाच त्यांच्यापुढे ठेवू, चकित होतील. त्यांचा मोजा नमुन्यासाठी माझ्याकडेच होता. मी तो पातळ कागदावर गिरवला. कंपनीतून व्हर्नियर आणलं आणि प्रत्येक बोटाची लांबी, रुंदी, अंगठ्याचा कोन, सगळं दोनदोनदा मापलं. कातडं कापलं. शिवलं. बोटांच्या पाठीवर रुपेरी रेघा टाचल्या, कफ जोडला. मूळ आणि नक्कल यांच्यात कुठेही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. चिंचवडला असतो तर स्वतःला प्रमाणपत्र दिलं असतं. दीप्तीने घालून बघितला, हात लांब धरून म्हणाली, “अरे, खरंच सुंदर झालाय.” लग्नाला बारा वर्षं झाली होती. माझ्या हातच्या कामाला ती पहिल्यांदाच सुंदर म्हणत होती.

नोलीनबाई ऑक्टोबर अखेर परत आल्या. दुसऱ्या दिवशी मी, दीप्ती आणि सिद्धी तिघंही त्यांच्याकडे गेलो. त्या चाकांच्या वॉकरच्या आधाराने टेबलापाशी बसल्या. मी पेटी उघडली आणि दोन्ही मोजे शेजारी शेजारी मांडले. मग मागे सरकून कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

नोलीनबाई बघत राहिल्या. त्यांनी माझा कफ बोटाने चाचपला, अळीपाशी थांबल्या, हसल्या. मग भुवया जवळ आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत मोज्यांकडे बघितलं, आणि काही बोलणार तेवढ्यात सिद्धी म्हणाली:

“बाबा, दे आर बोथ लेफ्ट.”

मी वाकून बघितलं. दोन अंगठे. दोन्ही एकाच दिशेला.

दीप्तीने कोणत्या हातात घालून बघितला होता, ते मला तेव्हा आठवलं. डाव्या. छान बसला होता. आम्हा दोघांपैकी एकाचीही ट्यूब पेटली नव्हती. नक्कल इतकी हुबेहूब झाली होती की डाव्याचा डावाच झाला होता. कागद फक्त उलटा करायचा होता. त्याच महिन्यात मी एका पुरवठादाराच्या चाळीस पट्ट्या परत पाठवल्या होत्या, कारण त्याने उजव्या बाजूच्या पट्ट्याही डाव्यासारख्याच कापल्या होत्या. सोबतच्या पत्रात मी ‘प्राथमिक काळजी’ असा शब्द वापरला होता.

“उलटा करून घातला तर?” मी म्हणालो आणि मोजा उजव्या हातात कोंबून दाखवला. रुपेरी रेघा तळव्यावर गेल्या, अळी मनगटाच्या आतल्या बाजूला जाऊन नाडी तपासू लागली.

नोलीनबाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मी घाबरलो, ऑपरेशनचं काही बिघडलं की काय. पण त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळे मिटून, टेबल घट्ट धरून. मग दीप्ती हसायला लागली, मग सिद्धी. मी थोडा वेळ गंभीर राहून बघितलं. जमलं नाही.

“प्रदर्शनात नको ठेवायला,” हसू ओसरल्यावर मी म्हणालो.

“का नको? त्या काळातल्या चित्रांत माणसं एक मोजा घालून उभी असतात आणि दुसरा हातात धरतात. आपण तसंच मांडू. एक लाकडी हातावर चढवू, दुसरा खाली आडवा ठेवू.”

“म्हणजे कोणाला कळणारच नाही!” माझा जीव भांड्यात पडला.

“कळणार,” नोलीनबाई म्हणाल्या. “मी लिहून ठेवणार आहे. नटांच्या चुका आयुष्यभर झाकल्या मी, आता मला झाकाझाकीचा कंटाळा आलाय.”

आणि त्यांनी खरंच लिहिलं. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कार्डावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘डावा हात, नोलीन. डावा हात, प्रमोद.’ मी सकाळी त्या कार्डावर फुलदाणी सरकवली. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ती परत जागेवर नेऊन ठेवली. लोक यायचे, वाचायचे, मग मोज्यांकडे बघायचे, मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून पडताळून बघायचे. दुपारी त्या टेबलाभोवती आठ-दहा माणसं पंजे पसरून उभी होती. दुरून पाहणाऱ्याला कसली तरी सामुदायिक प्रार्थना चालली आहे असं वाटलं असतं. एका आजोबांनी माझ्या मोज्याकडे बोट दाखवून ठासून सांगितलं, “हा नोलीनचा. जुन्या हाताचं काम लगेच ओळखू येतं.” मी दहा मिनिटं हवेत होतो. मग दीप्तीने लक्षात आणून दिलं की आजोबांचा चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण उजवा मोजा अजून झालाच नव्हता, आणि ते मला टोचत होतं. पुढच्या वर्षीच्या थंडीत मी आपण होऊन नोलीनबाईंकडे गेलो. या वेळी त्यांनी पातळ कागद स्वतः उलटा केला आणि त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिलं, ‘उजवा’. मी मुकाट्याने कापत गेलो, टाचत गेलो. त्या समोर बसून नुसत्या बघत. एका शनिवारी, मी अळीवर काम करत असताना, त्या म्हणाल्या, “डोळा मी लावू?”

डोळा म्हणजे एक काळा मणी, बाजरीच्या दाण्याएवढा. मी सुई ओवून दिली आणि चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांचा हात येताना थरथरायचा, सुई कापडाला लागायची, निसटायची. मणी चारदा खाली पडला. चारही वेळा मी टेबलाखाली शिरून शोधला. मी करून देऊ का, असं तोंडाशी आलं होतं. कसं कोण जाणे, बोललो नाही. शेवटी टाका पडला. डोळा जिथे हवा होता त्याच्या जरा खाली लागला, त्यामुळे अळी चकणी दिसते. मिलिमीटरभर तरी फरक असेल. मी मापला नाही.

नोलीनबाई २००८ मध्ये हॅमिल्टनला मुलीजवळच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. त्यांचा डावा आणि माझा उजवा, अशी जोडी त्या घेऊन गेल्या. खोलीत खिडकीजवळ काचेच्या पेटीत ठेवली आहे. माझा डावा आमच्याकडे उरला. दीप्तीने त्यात टीव्हीचा रिमोट ठेवायची कल्पना मांडली. मी दोन दिवस अबोला धरला, मग ती मागे हटली.

त्याच वर्षी सिद्धीच्या शाळेत घरची एखादी खास वस्तू आणून तिच्याबद्दल बोलायचं होतं. मला वाटलं, ती तिच्या आजीची ठुशी नेईल. सकाळी बघतो तर तिच्या दप्तरात मोज्याची पेटी.

“तुला लाज वाटायची ना याची?” मी विचारलं.

“दॅट वॉज एजेस अगो,” ती म्हणाली.

पालकांना बोलावलं होतं. मी कामावरून तसाच, झगमगीत पिवळं जाकीट घालून गेलो आणि वर्गात मागे उभा राहिलो. सिद्धीने मोजा वर धरला. “माय डॅड मेड धिस. इट टुक हिम हीप्स ऑफ मंथ्स. इट्स फॉर द राँग हँड, बट लुक हाऊ गुड इट इज.” सगळ्या वर्गाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. एका मुलीने विचारलं, हा कशासाठी वापरतात? “नथिंग,” सिद्धी म्हणाली. “यू जस्ट होल्ड इट अँड लुक रिच.”

मग प्रत्येकाला तो घालून बघायचा होता. शिक्षिकेने रांग लावली. सव्वीस मुलं होती. कोणाच्या बोटांना चॉकलेट होतं, कोणाच्या रंग. मी ओठ आवळून उभा राहिलो. संपेस्तोवर तीन टिकल्या आणि एक मोती गळला होता. सिद्धीने ते गुडघ्यांवर बसून गोळा केले, खाऊच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि डबा माझ्या हातात दिला.

“फिक्स इट, बाबा. नेक्स्ट वीक दुसऱ्या वर्गाला पण बघायचाय.”

घरी आल्यावर मी डबा धुवायच्या आधी टिकल्या वेगळ्या काढल्या, दिवा जवळ ओढला आणि सुई ओवायला बसलो.